व्याप्त युरोपातील ज्यू परिषदा आणि मदतसंस्था: तक्ता कसा मांडावा?

फोंड्याचा शिक्षक (प्रश्न):

सर्वांना नमस्कार. मी फोंडा येथे उच्च माध्यमिक वर्गांना इतिहास शिकवतो. तालुक्यातील एका वाचनालयाने दुसऱ्या महायुद्धावर व्याख्यानमाला योजली असून त्यातले एक व्याख्यान माझ्याकडे आले आहे. नाझींनी व्यापलेल्या देशांत ज्यूंचा छळ कोणकोणत्या कचेऱ्यांमार्फत झाला आणि त्याच काळात ज्यू समाजाला मदत करणाऱ्या संस्था कोणत्या होत्या, असा विषय आहे. श्रोत्यांच्या हाती देण्यासाठी एक पानी तक्ता करावा, एका रकान्यात छळ करणाऱ्या संस्था आणि दुसऱ्यात मदत करणाऱ्या संस्था द्याव्यात, अशी माझी योजना आहे.

पहिल्या रकान्यात बर्लिनचे राइश सुरक्षा मुख्य कार्यालय (नाझी पोलीस व गुप्तचर यंत्रणेचे मुख्यालय), त्यातला आयखमन या नाझी अधिकाऱ्याचा ज्यूविषयक विभाग, फ्रान्समध्ये जर्मनांशी सहकार्य करणाऱ्या व्हिशी सरकारने मार्च १९४१ मध्ये स्थापन केलेले ज्यू प्रश्नांचे महाआयुक्तालय अशी नावे सहज बसली. दुसऱ्या रकान्यात १९१४ साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेली ‘जॉइंट’ ही संस्था, ज्यूंच्या स्थलांतराची व्यवस्था पाहणारी ‘हायसेम’ आणि मुलांसाठी काम करणारी ‘ओ. एस. ई.’ ही नावे घेतली. अडले ते ज्यू परिषदांपाशी, म्हणजे जर्मनांनी ज्यू समाजातल्याच माणसांच्या नेमलेल्या परिषदांपाशी. हद्दपारीची नोटीस लोकांच्या हाती पोचवणारी कचेरी हीच, आणि अनाथालय, दवाखाना व अन्नछत्र चालवणारी कचेरीही हीच. फ्रान्समधील ‘युजिफ’ या संघटनेचेही तसेच. अकरावीच्या वर्गात हा भाग थोडक्यात सांगितला तेव्हा मुलांनी सरळ विचारले, “सर, मग हे लोक कोणाच्या बाजूचे होते?” या प्रश्नाला उडवाउडवीचे उत्तर देण्याची माझी इच्छा नाही.

दुसरी विनंती अशी की, श्रोते इथलेच असल्यामुळे गोव्याशी या इतिहासाचा काही धागा खरोखरच जुळत असेल तर तो सांगावा. ओढूनताणून जोडलेला संबंध मला नको आहे.

अभिलेखवाचक, पणजी:

सर, ज्यू परिषद ही एकच संस्था नव्हती आणि तक्त्यात ती एका ओळीत मावणार नाही. २१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मन सुरक्षा पोलिसांचा प्रमुख राइनहार्ड हायड्रिख याने आपल्या पथकप्रमुखांना जो आदेश धाडला, त्यात पोलंडमधल्या प्रत्येक ज्यू समाजासाठी वडीलधाऱ्यांची परिषद नेमावी, तीत जास्तीत जास्त चोवीस पुरुष असावेत आणि पुढे येणाऱ्या सर्व आदेशांच्या काटेकोर अंमलबजावणीला ती पूर्णपणे जबाबदार राहील, असे म्हटले होते. परिषदेवर सोपवलेल्या पहिल्या कामांपैकी एक काम शिरगणतीचे होते. माणसे समाजातली, बहुतेक वेळा युद्धापूर्वी समाजकार्यात नाव मिळवलेली. परंतु त्यांची नेमणूक, त्यांचे अधिकार आणि त्यांना होणारी शिक्षा हे सर्व जर्मनांच्या हाती होते.

आता एकाच प्रकारच्या खुर्चीवर बसलेली तीन माणसे पाहा. लव्हूव, म्हणजे आजच्या युक्रेनमधील लिव्हिव, येथील परिषदेचे पहिले प्रमुख युझेफ पारनास यांनी सक्तमजुरीसाठी माणसे पुरवण्यास नकार दिला आणि १९४१ मध्येच त्यांना ठार करण्यात आले. वॉर्सा परिषदेचे प्रमुख अ‍ॅडम चेर्नियाकुव यांच्यासमोर २२ जुलै १९४२ रोजी सामुदायिक हद्दपारीचा हुकूम ठेवण्यात आला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी विष घेऊन जीवन संपवले. पारनास गेले तरी लव्हूवमध्ये नवा प्रमुख नेमला गेला, आणि चेर्नियाकुव गेले तरी वॉर्साहून ट्रेब्लिंकाच्या संहार छावणीकडे जाणाऱ्या गाड्या थांबल्या नाहीत. तिसरे लॉड्झचे खाइम रुमकोव्स्की. ज्यूंना कोंडलेल्या वस्तीतले (घेट्टोतले) हात कामाला लागले तर वस्ती वाचेल, असे त्यांनी ठरवले. सप्टेंबर १९४२ मध्ये दहा वर्षांखालील मुले आणि पासष्ट वर्षांवरील वृद्ध स्वाधीन करा, असे त्यांनी आईबापांना जाहीर सभेत सांगितले. लॉड्झची वस्ती ऑगस्ट १९४४ पर्यंत, म्हणजे इतर मोठ्या वस्त्यांपेक्षा बराच काळ टिकली, आणि मग तीही रिकामी करण्यात आली. रुमकोव्स्कीही आउशवित्झमध्ये मारले गेले.

परिषदेच्या बाजूला आणखी एक थर होता, तो तक्त्यात अवश्य घ्यावा. वॉर्सामध्ये प्रत्येक इमारतीच्या चौकात रहिवाशांच्या समित्या उभ्या राहिल्या होत्या. त्या वर्गणी काढत, उपाशी शेजाऱ्यांना जेवू घालत, पोरक्या मुलांची सोय लावत. या कामात आघाडीवर असलेले इतिहासकार इमानुएल रिंगेलब्लुम यांनी सहकाऱ्यांना घेऊन वस्तीच्या जीवनाचा गुप्त दस्तऐवज जमवला. त्याचा पहिला भाग १९४६ मध्ये पत्र्याच्या पेट्यांत आणि दुसरा १९५० मध्ये दुधाच्या कॅनमध्ये जमिनीखाली सापडला. परिषदेच्या कारभारावर त्यात जी टीका आहे, तितकी कठोर टीका नंतरच्या अभ्यासकांनीही क्वचितच केली असेल.

माझी सूचना अशी. प्रत्येक संस्थेपुढे तीन गोष्टी लिहाव्यात: ती कोणाच्या सहीने जन्माला आली, तिचा पैसा कुठून येत होता, आणि नकार देणाऱ्याचे काय झाले. ‘बाजू’ हा शब्द तक्त्यात नसला तरी चालेल.

मांडवीकाठ:

वरील तीन कसोट्या पटल्या. त्यांत चौथी जोडावी: त्या कचेरीने कोणती यादी ठेवली आणि ती यादी पुढे कोणाच्या हाती गेली. अ‍ॅमस्टरडॅमचे उदाहरण घेतले तर मुद्दा स्पष्ट होईल.

जानेवारी १९४१ मध्ये नेदरलँड्समधील सर्व ज्यूंनी नोंद करावी असा हुकूम निघाला. ही नोंद नगरपालिकांच्या रोजच्या कारकुनांनी, रोजच्याच टेबलांवर केली. मे १९४१ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या नगरपालिकेने शहराचा एक नकाशा तयार करून दिला. त्याच्यावर काळे ठिपके आहेत आणि प्रत्येक ठिपका म्हणजे दहा ज्यू. पूर्वेकडच्या जुन्या मोहल्ल्यात ठिपके इतके दाट आहेत की गल्ल्या दिसत नाहीत. इतरत्र एखाद्या लांब रस्त्यावर एकच ठिपका आहे. नकाशा अतिशय नेटका आहे आणि तो काढणाऱ्या कर्मचाऱ्यांपैकी कोणीही नाझी पोलीस नव्हता. सर, आपल्या पहिल्या रकान्यात फक्त जर्मन आणि व्हिशीच्या कचेऱ्या आहेत. त्यात नगरपालिका, हद्दपारीच्या गाड्या मोबदला घेऊन चालवणारी डच रेल्वे, आणि ज्यूंच्या ठेवी व दागिने जमा करून घेण्यासाठी जुन्या प्रतिष्ठित पेढीच्या नावाने उघडलेली लिपमान-रोझेन्थाल ही लुटीची बँक, ही नावे आली नाहीत तर श्रोत्यांना वाटेल की सगळे काही गणवेशातल्या माणसांनीच केले. २७ मार्च १९४३ रोजी विलेम अरोंडेउस आणि त्यांच्या साथीदारांनी अ‍ॅमस्टरडॅमचे नागरी नोंदणी कार्यालय पेटवून दिले, ते नेमके या याद्यांसाठीच. त्यांच्यापैकी बाराजणांना गोळ्या घालण्यात आल्या.

आता तिथली ज्यू परिषद. फेब्रुवारी १९४१ मध्ये जर्मनांच्या हुकमाने ती स्थापन झाली. हिऱ्यांचे व्यापारी अब्राहम आशर आणि प्राध्यापक डेव्हिड कोहेन हे तिचे अध्यक्ष होते. परिषदेच्या कर्मचाऱ्यांच्या ओळखपत्रावर ‘पुढील सूचना मिळेपर्यंत’ हद्दपारीतून सूट असल्याचा शिक्का मिळे. हजारो माणसे त्या एका शिक्क्यासाठी परिषदेच्या दारात उभी राहत, आणि मे १९४३ मध्ये सूट मिळालेल्या आपल्याच ७,००० लोकांची नावे काढून देण्याचा हुकूम परिषदेला मिळाला. २९ सप्टेंबर १९४३ च्या धरपकडीत खुद्द अध्यक्षांनाही वेस्टरबोर्क छावणीत पाठवण्यात आले. वेस्टरबोर्कचा इतिहासही लक्षात घेण्याजोगा आहे: जर्मनीतून पळून आलेल्या ज्यूंना ठेवण्यासाठी डच सरकारनेच १९३९ मध्ये ती छावणी बांधली होती, आणि तिचा खर्च ज्यू समाजावर टाकला होता.

पण त्याच परिषदेच्या नोकरीत वाल्टर झ्युस्किंड होते. हद्दपारीपूर्वी लोकांना ज्या नाट्यगृहात कोंडत, तिथला कारभार त्यांच्याकडे होता. लहान मुलांना रस्त्यापलीकडच्या पाळणाघरात ठेवत. नाट्यगृहाच्या दारात पहारा असे. मात्र समोरून ट्राम येऊन थांबली की काही क्षण पहारेकऱ्याला पलीकडचे दार दिसत नसे. तेवढ्यात मुलाला घेऊन एखादी तरुणी पाळणाघरातून बाहेर पडे आणि ट्रामच्या आडोशाने चालू लागे. तान्ही मुले कपड्यांच्या टोपल्यांतून किंवा पाठीवरच्या पिशव्यांतून नेत. काहींना मागच्या बागेतून शेजारच्या अध्यापक विद्यालयात पोचवत. मूल गेले की त्याचे नाव नोंदीतून नाहीसे करणे हे झ्युस्किंड यांचे काम. अशी सुमारे ६०० मुले वाचली. पाळणाघराच्या प्रमुख हेन्रिएट पिमेंटेल १९४३ मध्ये आउशवित्झला मारल्या गेल्या; झ्युस्किंडही युद्ध संपण्यापूर्वीच गेले.

तेव्हा मुलांनी ‘कोणाच्या बाजूचे’ असे विचारले तर मी त्यांना सांगेन की, या कचेरीतल्या एका टेबलावर नावे लिहिली जात होती आणि दुसऱ्या टेबलावर ती खोडली जात होती.

फोंड्याचा शिक्षक:

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. यादीची कसोटी मला फार महत्त्वाची वाटते. तक्त्यात तो रकाना घेतोच. ‘युजिफ’विषयी मात्र अजून स्पष्टता हवी आहे. तिच्यात ‘ओ. एस. ई.’सारख्या जुन्या, निःसंशय सेवाभावी संस्था विलीन झाल्या होत्या. मग त्या संस्थांना वेगळे दाखवावे की एकत्र?

अभिलेखवाचक, पणजी:

वेगळेही दाखवावे आणि तारखेसह दाखवावे. २९ नोव्हेंबर १९४१ च्या कायद्याने व्हिशी सरकारने, जर्मनांच्या मागणीवरून, फ्रान्समधील ज्यूंच्या सर्व मदतसंस्था बरखास्त करून त्यांची मालमत्ता व कामे ‘युजिफ’कडे सोपवली. देशातल्या प्रत्येक ज्यूला तिचे सभासदत्व सक्तीचे झाले. लगेच डिसेंबरात ज्यूंवर लादलेला एक अब्ज फ्रँकचा दंड भरण्याची जबाबदारीही तिच्यावरच आली. ‘ओ. एस. ई.’ दक्षिण विभागात ‘युजिफ’ची एक शाखा म्हणून राहिली आणि त्या आडोशाखाली तिने मुलांची वसतिगृहे चालवली. १९४३ पासून झॉर्झ गारेल यांनी उभारलेल्या गुप्त साखळीतून तीच मुले खोट्या नावांनी शेतकरी कुटुंबांत आणि मठांत पांगवली गेली. एकाच संस्थेचा एक हात कायदेशीर आणि दुसरा भूमिगत, असे ते काम चालले होते.

मांडवीकाठ यांच्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत नाही. नावे खोडणारे टेबल होते हे खरे, परंतु कायदेशीर पत्ता असणे हाच मदतसंस्थेचा सर्वांत मोठा धोका ठरला, हे त्यातून सुटते. ल्योन शहरात ९ फेब्रुवारी १९४३ रोजी गेस्टापोने, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांनी, ‘युजिफ’च्या कचेरीत दबा धरला. मदत घ्यायला जो जो दार उघडून आत आला, तो पकडला गेला. ऐंशीहून अधिक माणसे अशी सापडली. जुलै १९४४ मध्ये, पॅरिस मुक्त व्हायला जेमतेम महिना उरला असताना, आलोइस ब्रुनर या नाझी अधिकाऱ्याने पॅरिसभोवतालच्या ‘युजिफ’च्या बालगृहांवर छापे घातले आणि दोनशेहून अधिक मुले उचलली. बालगृहांचे पत्ते सरकारदरबारी नोंदलेले होते, ती शोधावी लागली नाहीत. मुले वेळीच पांगवावीत असा आग्रह भूमिगत कार्यकर्त्यांनी धरला होता. जबाबदार मंडळींना सूडाची भीती वाटली. त्यांचा हेतू वाईट नव्हता असे मी मानतो, आणि तरीही हा निर्णय त्यांच्याच नावावर राहतो असेही मानतो. तक्त्यात दोन्ही गोष्टी याव्यात.

मडगावकर:

गोव्याच्या धाग्याविषयी लिहितो, कारण तो ओढूनताणून जोडावा लागत नाही. तो लिस्बनमधून जातो.

आपल्याकडील ज्येष्ठ श्रोत्यांना मुरगाव बंदरात आसरा घेतलेल्या जर्मन जहाजांची हकीकत ठाऊक असते. मार्च १९४३ मध्ये ती जहाजे तिथेच पेटली आणि बुडाली. पोर्तुगाल तटस्थ होते म्हणून ती इथे होती. त्याच तटस्थतेमुळे ऑक्टोबर १९४३ मध्ये ‘ग्रिप्सहोम’ आणि ‘तेइया मारू’ ही जहाजे मुरगावला लागून अमेरिकी आणि जपानी नागरिकांची अदलाबदल झाली आणि पूर्वेकडील बंदिवानांसाठी रेड क्रॉसचा मदतमालही इथेच हस्तांतरित झाला. आणि त्याच तटस्थतेमुळे जून १९४० मध्ये पॅरिस पडल्यावर ‘जॉइंट’ने आपले युरोपीय मुख्यालय लिस्बनला हलवले. ‘हायसेम’ही तिथे आली. तेथून ‘सेर्पा पिंतो’सारख्या पोर्तुगीज जहाजांनी निर्वासित अटलांटिक पार गेले. लिस्बनच्या छोट्या ज्यू समाजाची निर्वासित मदत समिती १९३३ पासूनच काम करत होती. समाजाचे अध्यक्ष मोइझेस आम्झालाक हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक आणि पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचे स्नेही होते. या स्नेहाचा मदतकार्याला उपयोग झाला.

परंतु सालाझारला यावरून उदार ठरवू नये, ही माझी कळकळीची विनंती. परराष्ट्र खातेही त्याच्याच हाती होते आणि ११ नोव्हेंबर १९३९ च्या चौदाव्या परिपत्रकाने राष्ट्रहीन लोकांना आणि मायदेशातून हाकललेल्या ज्यूंना लिस्बनच्या पूर्वपरवानगीशिवाय व्हिसा देऊ नये, असे वाणिज्य दूतांना बजावण्यात आले होते. फ्रान्समधील बोर्दो येथील दूत आरिश्तिदीश द सोझा मेंदिश यांनी जून १९४० मध्ये हे परिपत्रक बाजूला ठेवून हजारो लोकांना व्हिसा दिले. त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली, नोकरी संपली, कुटुंब इतके हलाखीत आले की लिस्बनच्या ज्यू समाजाच्या अन्नछत्रात त्यांना जेवावे लागले. निर्वासितांसाठी उघडलेल्या त्या पंगतीला सोझा मेंदिश यांचे कुटुंब बसले, हे व्याख्यानात जरूर सांगावे. १९५४ मध्ये ते वारले. पोर्तुगालच्या संसदेने त्यांना १९८८ मध्ये निर्दोष मानले.

पुढे जाण्याचा व्हिसा नसलेल्या निर्वासितांना कालदश द राइन्या, फिगेइरा द फोझ, एरिसेइरा अशा गावांत ठेवत आणि परवानगीशिवाय गाव सोडता येत नसे. ही देखरेख राजकीय पोलिसांकडे होती. त्याच दलाला १९४५ मध्ये नवे नाव मिळाले, ‘पिडे’. हे नाव गोमंतकीयांना निराळ्या कारणासाठी माहीत आहे. आपले स्वातंत्र्यलढ्याचे नेते त्रिस्ताव ब्रागांझ कुन्हा १९४६ नंतर पोर्तुगालमधील पेनिशच्या ज्या किल्ल्यात डांबले गेले, तो किल्ला याच राजवटीचा राजकीय तुरुंग होता. दोन्ही छळांची बरोबरी करू नये, पण परिपत्रक काढणारा आणि पेनिशला पाठवणारा माणूस एकच होता, सालाझार.

पैशाची कसोटी वर आली आहे, म्हणून ‘जॉइंट’विषयी एक गोष्ट. शत्रूच्या मुलखात डॉलर पाठवणे म्हणजे शत्रूला परकीय चलन देणे. त्यातून वाट अशी काढली की, देश सोडणारा माणूस आपला स्थानिक पैसा तिथल्या ज्यू समाजाकडे भरे, आणि त्याच्या जहाजाचे भाडे ‘जॉइंट’ बाहेर डॉलरमध्ये देई. सीमेवरून एक छदामही न जाता अन्नछत्र चाले. डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका युद्धात उतरल्यावर तेही बंद झाले. मग वॉर्सातल्या कार्यकर्त्यांनी ज्यांच्याजवळ अजून काही शिल्लक होते त्यांच्याकडून, युद्धानंतर ‘जॉइंट’ फेड करील या शब्दावर, कर्ज उचलले आणि त्यावर लोकांना जेवू घातले.

पेडण्याची वाचक:

चर्चा वाचून फार शिकायला मिळाले. मुंबईचा उल्लेख राहिला आहे, तो मी करते, कारण आपल्या श्रोत्यांना तो अधिक जवळचा वाटेल.

मुंबईत १९३४ मध्ये ज्यूइश रिलीफ असोसिएशन स्थापन झाली. जर्मनी आणि ऑस्ट्रियातून येणाऱ्या ज्यूंचा भार सरकारवर पडणार नाही अशी हमी ती घेई, त्यांना निवारा व काम मिळवून देई. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने जर्मन पारपत्र असलेल्या पुरुषांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून पकडले, आणि त्यात हिटलरपासून जीव वाचवून आलेले ज्यूही होते. अहमदनगरच्या छावणीत ते नाझी समर्थकांच्या शेजारी राहिले. सर माल्कम डार्लिंग यांच्या समितीने एकेकाची चौकशी करून बहुतेक ज्यूंची काही महिन्यांत सुटका केली, आणि या कामी असोसिएशनने त्यांची बाजू मांडली. सर, ही सरकारी छावणी आपल्या कोणत्या रकान्यात बसते, हेही श्रोत्यांना विचारावे. छळ हा तिचा हेतू नव्हता, पण छळातून सुटलेल्या माणसाला तिने पुन्हा कुंपणाआड नेले.

या निर्वासितांपैकी वाल्टर कौफमान हे संगीतकार मुंबई आकाशवाणीवर होते. आकाशवाणीच्या सकाळच्या आरंभीच्या धुनेचे श्रेय सहसा त्यांनाच दिले जाते. व्याख्यानाला येणाऱ्या ज्येष्ठ मंडळींनी ती धून वर्षानुवर्षे ऐकलेली आहे, शक्य असल्यास ती तिथे वाजवावी.

मूळ कागद दाखवायचे असतील तर जर्मनीतील बाड आरोल्सेन येथील, नाझी छळाला बळी पडलेल्यांविषयीचा दस्तऐवजसंग्रह २००७ पासून संशोधकांना खुला झाला असून त्याचा फार मोठा भाग आता संगणकावर घरबसल्या पाहता येतो. ‘जॉइंट’च्या अभिलेखागारातही नावावरून शोध घेता येतो. तक्त्यातील प्रत्येक संस्थेचा एकेक कागद पडद्यावर दाखवला आणि तो कोणी, कोणत्या दिवशी, कोणाच्या हुकमाने भरला हे वाचून दाखवले, तर तासाभराचे व्याख्यान त्यातच पुरे होईल.